हृदयाच्या काचपट्टीवरील तिसरी स्वारी

गड्या, तू नुसता ऐक! श्रीमंत झोरनित्सा, वैद्यकशाळेची पहिल्या सालची शिलेदार, हिने प्लॉवदिव शहरी सूक्ष्मदर्शकाच्या परीक्षेच्या गडावर दोनदा चाल केली आणि दोनदा मार खाल्ला, हे सर्वांस जाहीरच आहे. काचेवर पट्टे दिसले की ही "हाडांवरचा स्नायू!" म्हणून मोकळी, आणि तो निघायचा हृदयाचा. आता तिसरी मोहीम, आणि ही हरली तर अख्खे साल गारद.

मग आजीसाहेबांनी रिवाजाप्रमाणे उंबऱ्यावर पाणी ओतले, की नात पाण्यासारखी वाहत पार व्हावी. पण दोन पराभवांची खबर चारही मजल्यांस लागलेली, आणि मग तमाम शेजारी आपापली भांडी घेऊन हजर, आणि जिन्याची नदी झाली, आणि खाशा झोरनित्साने शेवटच्या चार पायऱ्या घसरून बसूनच सर केल्या. पोटरीत पेटका आला तो हटेचना.

"अजून एक बादली ओतू का गं?" वरून आजी.

"पुरे आजी! आता काय पोहत जाऊ?"

मग लंगडत दरबारी दाखल. तख्तनशीन कराजोव सरांनी काचपट्टी पुढे करून फर्मावले की, ओळख. तिने डोळा लावला. पट्टे! "हाडांवरचा" ओठांवर आलाच होता, इतक्यात पोटरीने कळ मारली. हा हाडांवरचा सरदार हुकमाचा ताबेदार, पण दमला की बंड करतो. पोटात गुळगुळीत स्नायूंची बिनपट्ट्यांची फौज कुणाची इजाजत न घेता सकाळच्या न्याहारीची चीजभरली बानित्सा ढवळत होती. आणि छातीतला तो, जो जन्मापासून एक दिवस रजेवर गेला नाही, तो धाडधाड नगारा पिटत होता. अरे, पट्टे तर त्यालाही असतात की! मग तिने पुन्हा नीट पाहिले.

"हृदय, सर."

"नक्की? का याही खेपेस ठोकून देतेस?"

"फांद्या बघा ना सर, कशा एकमेकींत गुंतल्यात! आणि केंद्रक मधोमध. हाडांवरचे तंतू सरळसोट जातात, त्यांची केंद्रकं कडेला."

सरांनी चष्मा काढला आणि हुकूम केला तो असा की, सहापैकी पाच गुण कबूल. पुरे सहा हवेत तर आणखी एक सवाल, मात्र चुकल्यास नापास.

"पाचच द्या सर, आणि सही आत्ताच करा!"

येणेप्रमाणे जूनच्या बाविसाव्या दिवशी, भर दुपारी, पाच गुणांची सनद हाती आली, साल वाचले आणि फत्ते झाली, ते येथे दाखल केले. बाहेर मैत्रिणी बोंबलत होत्या, "वेडे, सहा सोडलेस!"

आता तूच बोल, तू असतास तर घेतला असतास तो सवाल?