विमानातून दिसलेले बाबा

आर्डिसनं एकदा मनावर घेतलं की काम फत्तेच! निदान तिचं स्वतःचं मत तसं होतं. म्हणूनच बाबांचा शेवटचा फोटो मोठा करून घ्यायचं काम तिनं आईवर सोडलं नाही.

खरं तर तो फोटो बाबांचा नव्हताच. उन्हाळ्यात एक विमान नॉर्थ डकोटातल्या शेतांवर घिरट्या घालत घरंदारं टिपून गेलं होतं. हिवाळ्यात कंपनीचा विक्रेता प्रुइट त्या फोटोंचे नमुने घेऊन दारोदार हिंडू लागला. मधल्या काळात बाबा गेले होते.

"मळणीयंत्रापाशी कोण वाकलंय?" आर्डिसनं भिंग धरलं. "आई, अगं बाबा!"

चेहरा दिसतच नव्हता. दिसत होती पाठ, आणि पाठीच्या खालचा ऐवज.

"हॅल्वरच," आई म्हणाली. "हे तर मी स्वर्गातूनही ओळखीन!"

प्रुइटनं केकचा तुकडा तोंडात कोंबला आणि मेणाची लाल पेन्सिल पुढे केली. "अंगणातला पसारा आमच्या फोटो रंगवणाऱ्या बाया फुकटात पुसतात. खुणा करून ठेवा, मी तोवर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतो."

आईला तेवढंच हवं होतं! लग्न झाल्यापासून जे हटत नव्हतं, ते एका पेन्सिलीनं हटणार होतं. गंजकी मोटार, गोल! मोडकं मळणीयंत्र, गोल! दोरीवरचे स्वतःचे परकर, दोनदा गोल!

या झपाट्यात बाबाही जायचे! आर्डिसनं पेन्सिल हिसकावली आणि बाबांभोवती ठसठशीत गोल काढला. यांना हात लावायचा नाही, म्हणजे नाही!

रंगवलेला फोटो आला. अंगण कसं, तर नुकत्याच पुसलेल्या ताटासारखं लख्ख! मोटार नाही, यंत्र नाही, परकर नाहीत. बाबा नाहीत.

"अहो, माझे वडील पुसलेत तुम्ही!" आर्डिस फोनवर प्रुइटला ओरडली.

"गोल होता ना, ताई?"

"तो ठेवण्यासाठी होता!"

"गोल म्हणजे काढायचं. त्यात तो सगळ्यात ठळक! बाईनं मूळ फिल्मवरूनच खरवडला. पण घाबरू नका, परत रंगवून देतो. कसे होते दिसायला?"

"उंच," आर्डिस म्हणाली. "निळा सदरा."

दुसरा फोटो आला. हिरवळीवर खांबासारखा ताठ, गुलाबी गालांचा, दाट काळ्या केसांचा कोणी परकाच गृहस्थ विमानाकडे पाहून हात हलवत होता. आईनं तो बराच वेळ पाहिला आणि स्वयंपाकघरात टांगला.

रविवारी चर्च सुटल्यावर शेजारची सेल्मा भाजलेल्या बटाट्यांचं भांडं घेऊन आली. तिनं फोटो पाहिला, मग आईकडे पाहिलं, आणि भांडं हळूच टेबलावर ठेवलं.

"गुड्रुन, अगं, वर्ष तरी उलटू द्यायचंस!"

आईनं तिच्यासाठी कॉफी ओतली.

"बस गं, सेल्मा. तो बाहेरच असतो. अजून एकदाही आत आलेला नाही."