बाळाबाईंच्या आमटीची मोहीम आणि पिवळ्या तळव्याचा तह

श्रीबिरोबा प्रसन्न. सोलापूर सुभ्यातील समस्त जेवणारे, वाढणारे, मागाहून येऊन दाटच पाहिजे म्हणणारे आणि न जेवता ढेकर देणारे, यांसी हा करीना, म्हणजे घडल्या गोष्टीचा कागद, सादर. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष मासी, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसी मुलखात आमटीवरून जे तुंबळ माजले, त्याची हकीकत ज्याने त्याने आपापल्या पक्षाच्या सोयीने सांगितली. तेणेकरून आमटी कोणती आणि फोडणी कोणती हे पुढिलांस कळेनासे होईल, सबब घडले तैसे येथे नमूद केले असे.

मौजे मजकुरी यंत्रमागांचे खडखडाटात बाळाबाई नामे एक थोर बाई खानावळीची गादी चालवीत होत्या. जातीच्या धनगर, माहेर माळशिरस तालुक्यात, उमर पासष्टीची, आवाज ऐसा की बालपणी या टेकडीवरून हाक मारिली तर त्या टेकडीवरची मेंढरे माना वर करीत. बावीस वर्षे टॉवेल-चादरी विणणारे कामगार त्यांचे पंगतीस बसत. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि तुरीची आमटी ऐसा दस्तूर. पंगत एकच, गोणपाटाची पट्टी एकच, आणि हुकूम एकच, तो ऐसा की, पक्ष आणि चप्पल दाराबाहेर सोडावी. शेवटी बाई स्वतः बसत, उरेल ते जेवत. या राज्यात येडू आणि सिद्धलिंग हे दोघे मागवाले अकरा वर्षे मांडीस मांडी लावून जेवीत. येडू सूप निशाणीच्या पक्षाचा, सिद्धलिंग खलबत्ता निशाणीच्या. परंतु येडूची चटणी सिद्धलिंगाने खावी आणि सिद्धलिंगाचा कांदा येडूने फोडावा, ऐसा दोहोंत अलिखित तह होता.

आता शत्रूकडील हकीकत. सात रस्त्याकडे एका टायरच्या दुकानावर 'रणभेरी' नामक वाहिनीचा तळ होता, आणि तेथील मुख्य सेनानी खासे इंद्रजीत साहेब. जन्मनाव बिरुदेव, तेही माळशिरसाकडील धनगराचेच, परंतु ते नाव त्यांणी गावाकडे ठेविले आणि इंद्रजीत हे नाव जाकिटासह धारण केले. रोज सायंकाळी सातास 'उचला भंडारा' हा कार्यक्रम चालवीत. निष्ठा सूप पक्षाचे चरणी ऐसी की, सुपाने चाळिले ते धान्य आणि खलबत्त्याने कुटिले ते विष, हा त्यांचा वेदान्त. मेजाखाली पायाशी गुप्त कळ. विरोधी पाहुणा मुद्द्यावर आला की साहेब टाच दाबीत, आणि पाहुण्याचे ओठ हलत परंतु शब्द उमटत नसे. एकदा परमुलखातील पुराचे चित्र दाखवून खलबत्तेवाल्यांचा प्रभाग बुडविला. लोकांनी ओरड केली की, अहो, या पाण्यात नारळीची झाडे आहेत, होटगीकडे नारळी कधी उगवल्या? एकदा तर मतमोजणीचे आधीच सूपवाल्या उमेदवारास पेढा भरविला, आणि तो उमेदवार पडला. ऐशी वादळे पुष्कळ उठली, पुष्कळ शमली. शमण्याचे कारण एकच. मेजावर पितळी वाटी, वाटीत पिवळाधमक भंडारा. साहेब मूठ भरून उचलीत आणि गर्जत की, हा भंडारा उचलून सांगतो, खोटे असेल तर बिरोबा बघून घेईल, आणि ज्यास खोटे वाटेल त्याने येथे येऊन उचलावा. मग सारा मुलूख गप्प. कोर्टात कोणी काय बोलावे ते बोलावे. बिरोबाचा भंडारा हातात घेऊन खोटे बोलणारा मनुष्य या जिल्ह्यात जन्मला नाही, ऐसी सर्वांची खात्री.

पुढे पालिकेच्या निवडणुका नेमिल्या, आणि उमेदवारांस गरिबांच्या पंगतीची भूक लागली. एके दिवशी खलबत्त्याचे उमेदवार फोटोवाल्यांसह बाळाबाईंकडे लवकर पावले आणि पंगतीचे तोंडास बसले. सूपवाले उमेदवार दोन घरे फिरून उशिरा आले, सबब शेपटास बसले. आमटीचा धर्म सर्वांस ठाऊक आहे. पातेल्याचे तळास पावेतो चार तांबे पाणी पडते. तोंडास दाट, शेपटास पातळ. सूपवाल्यांनी वाटीत पाहिले, वाटीत त्यांस आपलेच मुख दिसले, आणि त्यांणी वाटीचा फोटो रणभेरीस रवाना केला.

त्याच सायंकाळी इंद्रजीत साहेबांनी तोफ डागिली. बाळाबाईंची खानावळ हे खलबत्त्याचे ठाणे असून, बाई पक्ष पाहून पळी बुडवितात, आपल्यास दाट वाढितात आणि सूपवाल्यांस पाणी, हा श्रमिकांचा अपमान असे, ऐसे जाहीर करून मूठभर भंडारा उचलिला.

दुसरे दिवशी दुपारी पंगत बसली ती दोन होऊन बसली. गोणपाटाची पट्टी मधोमध फाडिली गेली. येडू भिंतीकडे तोंड करून बसला, सिद्धलिंग दाराकडे, पाठीस पाठ. येडूने आमटी बोटावर घेऊन उजेडात धरिली. सिद्धलिंग तोंडात घास ठेवून म्हणाला, "बघ बघ, मोजून बघ. फूटपट्टी आनू का?" येडूने मान न वळविता उत्तर केले की, "तुला काय, तुला दाट भेटती की. अकरा वर्सं माजी चटनी खाल्लास, आता कळलं, दाट आमटीसंगं का गोड लागत व्हती." मग सिद्धलिंगाने आपला कांदा आपणच फोडिला, आणि तो डोळ्यांस झोंबला.

बाळाबाईंनी हे पाहिले. सर्व गेलियावर चुलीपुढे पळी हातात धरून उभ्या राहिल्या आणि रिकाम्या वाट्यांत पाणी वाढून पाहू लागल्या. एक वाटी, दुसरी वाटी, तिसरी. सून सोनाली ताटे विसळीत होती, ती म्हणाली, "आत्या, काय चाललंय ओ?"

"हात बगते. वाकडा पडतो का सरळ."

"तुमी पन काय! त्यो टीव्हीवाला काय बी बोलतो."

"भंडारा उचलून बोललाय, सोने. त्यो उगं बोलंल व्हय? माज्याच हातानं कुटंतरी फरक केला आसंल. मला कळला नसंल."

खानावळीवर गंडांतर आले हे दुःख लहान. परंतु बावीस वर्षांचे वाढणे आपल्या हातून फिरले की काय, हा संशय बाईंचे पोटात शिरला, आणि तेव्हापासून त्यांस आपल्याच हातचा घास गिळवेना. आजवर कोणत्याही शत्रूने त्यांचा ऐसा पराभव केला नव्हता.

तिसरे दिवशी सायंकाळी बाईंनी आज्ञा केली की, तो कार्यक्रम मोबाइलवर लावावा, आरोप शब्दशः ऐकावयाचा आहे. सोनालीने लाविला. साहेब मागील आरोपच पुन्हा तापवून वाढीत होते. मूठ उचलिली, गर्जना केली, मूठ वाटीत सोडिली, तळवे एकमेकांवर दोनदा झटकिले आणि पांढऱ्या सदऱ्याची कॉलर नीट केली.

"थांब," बाळाबाई बोलिल्या. "मागं घे."

मागे घेतले.

"परत. त्येचा हात मोठा करून दाव."

सोनालीने दोन बोटांनी चित्र मोठे केले. तळवा पांढराफटक. कॉलर धुतल्यासारखी.

मग बाळाबाईंचे मुखावर जे तेज आले ते सोनालीने लग्न होऊन आल्यापासून पाहिले नव्हते. त्या म्हणाल्या, "आमच्या बिरोबाच्या जत्रंत एकदा भंडारा हातात घेतला की आठ दिस भाकरीला पिवळी बोटं उठत्यात. साबन लाव, राख लाव, जात न्हाय. आन् ह्येचा झटकला की गेला? त्यो भंडारा न्हाय, सोने. रांगोळी हाय ती. रांगोळी!"

येथे इंद्रजीत साहेबांचे मनातील मसलत उघड करणे प्राप्त आहे. साहेब धनगराचे लेकरू. खऱ्या भंडाऱ्यावर खोटे बोलण्याची त्यांची छाती नव्हती, आणि खोटे न बोलता कार्यक्रम चालविण्याची सवय नव्हती. सबब त्यांणी उपाय काढिला की, देवासही फसवावयाचे नाही आणि श्रोत्यांसही सोडावयाचे नाही. वाटीत पिवळी रांगोळी ठेवावी. तीन वर्षे कोणी वाटीकडे पाहिले नाही. सर्व मुठीकडेच पाहत.

दुसरे दिवशी सोनालीने बाईंचे आज्ञेवरून रणभेरीस खलिता पाठविला की, सासूबाई भंडारा उचलावयास येतात. तिकडे आनंद जाहला. म्हातारी कॅमेऱ्यापुढे रडेल, तो भाग फार पाहिला जाईल, ऐसा अदमास करून त्यांणी सांजेचाच मुहूर्त दिला. बाईंनी फौज नेमिली ती दोघांचीच, येडू आणि सिद्धलिंग. दोघांनी एकमेकांबरोबर जाण्यास साफ नकार दिला. त्यावर हुकूम जाहला की, जो येणार नाही त्यास उद्यापासून दाट नाही, पातळ नाही, आमटीच नाही. मग दोघे एका रिक्षात बसले, मध्ये बाळाबाई तटबंदीसारख्या. आणि बाईंचे कनवटीस माहेरच्या बिरोबाचे भंडाऱ्याची पुरचुंडी, जी त्यांणी नातवाच्या जावळासाठी जपून ठेविली होती.

टायरच्या दुकानाचा जिना चढून फौज दाखल जाहली. दिवे प्रखर, काचेचे मेज, वाटी जागेवर. खलबत्त्याचे एक प्रवक्तेही आमंत्रित होते. ते बाईंस पाहून फार उदार हसले. सात वाजले, नगारा वाजला, आणि साहेबांनी आजी म्हणून संबोधून, कोणते पक्षाचे सांगण्यावरून आमटी पातळ केली, ऐसा पहिला वार केला.

बाई बोलावयास लागताच साहेबांनी टाच दाबिली. बाईंचा माईक मेला. परंतु साहेबांस ठाऊक नव्हते की, हा कंठ मेंढरांवर तयार जाहला आहे. बाई बोलिल्या ते साहेबांचे छातीवरील माईकातून चौपट होऊन साऱ्या सोलापुरात गेले. साहेब पुन्हापुन्हा टाच दाबीत होते. ऐसे वाटे की खाली शिलाई मशीन चालवितात.

"आदी तुजी वाटी बगू," ऐसे म्हणून बाईंनी वाटीतील चिमूट जिभेवर ठेविली, दातांत कचकच आवाज जाहला, आणि ती चिमूट त्यांणी पदराच्या टोकात थुंकिली. "खडी हाय. भंडारा हळदीचा आसतो, लेकरा. ही माज्या दारात काडायची." मग कनवटीची पुरचुंडी सोडिली, काचेच्या मेजावर मोकळी केली. हळदीचा वास दिव्यांचे उष्णतेने साऱ्या खोलीत पसरला, आणि कॅमेरावाल्याने नकळत कॅमेरा सोडून हात जोडिले. तेणेकरून पुढील सर्व युद्ध महाराष्ट्राने किंचित तिरपे पाहिले.

"ह्यो उचल," बाई म्हणाल्या, "आन् बोल, बाळाबाई पक्ष बगून वाडती. तू बोल, मी उद्या चूल मोडते."

साहेबांनी जाहिरातींचा हुकूम दिला. चादरीची जाहिरात जाहली, बियाण्याची जाहली, मूळव्याधीची दोनदा जाहली. बाई जागच्या हलल्या नाहीत. परत आले तो भंडारा तेथेच.

साहेब हळूच वाकून म्हणाले, "आक्का, कॅमेरा बंद करून बोलू की."

"माजं नाव घेतलं तवा चालू व्हता न्हवं? मग असू दे. कुनाचा तू? माळशिरसाकडचा म्हन्त्यात. नाव काय ठिवलं आईनं?"

साहेबांचे तोंडून फार बारीक आवाज निघाला. "बिरुदेव."

"द्येवाचं नाव हाय, बिरुदेवा. उचल."

त्या क्षणी येडू सूप विसरला आणि सिद्धलिंग खलबत्ता विसरला. दोघे दाराशी एकमेकांचे मनगट धरून उभे. साहेबांचा हात मेजाकडे गेला, माघारा आला, पुन्हा गेला. मग त्यांणी भंडारा उचलिला, डोळे मिटिले, आणि तीन वर्षांत प्रथमच आवाज न चढविता बोलिले की, "मी हितं कधीच जेवलो न्हाय. आमटी चाखली न्हाय. वाटीचा फोटो आला, मी बोललो. बाळाआक्का पक्ष बघून वाढत्यात, हे मला ठाव न्हाय."

खलबत्त्याचे प्रवक्ते टाळ्या पिटून उठले आणि सत्याचा विजय जाहला ऐसे घोषित करू लागले. बाईंनी त्यांचेकडे वळून भंडारा पुढे सरकविला आणि फर्माविले की, तुमचेही जाहीरनाम्यातील पाणी रोज येणार, हे यावर हात ठेवून सांगावे. प्रवक्त्यांस तत्क्षणी महत्त्वाचा फोन आला. तो फोन वाजला मात्र नव्हता.

तह ठरला तो येणेप्रमाणे की, बिरुदेव उर्फ इंद्रजीत यांणी दुसरे दिवशी पंगतीस यावे आणि शेपटास बसावे. ते आले. सदऱ्यावर पिवळे डाग, तळवा पिवळा. रात्रभर साबण लाविला होता हे त्यांणीच येडूस सांगितले. पंगत पुन्हा एकच. फाटलेली पट्टी सोनालीने दाभणाने शिविली होती, आणि सिद्धलिंग बरोबर त्या टाक्यावर बसला होता. आमटी तोंडापासून फिरत फिरत शेपटास पावली, तो पातळ जाहली. साहेबांनी वाटीत पाहिले, तोंड उघडिले, आपले तळव्याकडे पाहिले, तोंड मिटिले, आणि भाकरी कुस्करली.

"पातळ हाय न्हवं?" बाळाबाई बोलिल्या. "हायच. शेपटाला सगळ्यांचीच पातळ आसती. येळंवर यावं."

मग इतर सर्व उठलियावर बाई आपले ताट घेऊन, साहेबांच्याही पलीकडे, पट्टीचे अगदी टोकास बसल्या. सोनालीने पातेले तिरपे करून उरली ती आमटी त्यांस वाढिली. साहेबांनी ती पाहिली. त्यांचे वाटीत निदान डाळीचे चार दाणे होते. बाईंचे वाटीत पिवळे पाणी आणि एक कढीपत्त्याचे पान. इतक्या दिवसांनी बाईंनी पहिला घास घेतला, आणि तो गिळला.

इंद्रजीत साहेब त्या दिवसापासून सत्यवादी जाहले ऐसे नाही; सूप पक्षाची चाकरी पूर्ववत चालू आहे, आणि टाचेखालची कळही. पितळी वाटी मात्र मेजावरून नाहीशी जाहली, कार्यक्रमाचे नाव बदलिले, आणि आठ दिवस साहेब उजवा हात खिशात घालून गर्जत होते. येडूची चटणी सिद्धलिंग खातो, सिद्धलिंगाचा कांदा येडू फोडितो. येणेप्रमाणे अक्कलकोट रोडची पंगत शत्रूचे हातून सोडवून बाळाबाईंनी फत्ते केली, पळी सरळ ठरली, मोहीम तमाम. ज्यास शंका असेल त्याने दुपारी बारास, भुकेल्या पोटी, प्रत्यक्ष यावे. चप्पल बाहेर सोडावी.