आप्पांची शाळेशी दुश्मनी

"सोडा त्या पोरांना, मास्तर! काय गुन्हा केलाय त्यांनी?"

प्रार्थना संपायच्या आत गडग्यापलीकडून ही आरोळी आली नाही, असा दिवस माझ्या नऊ वर्षांच्या नोकरीत उजाडला नाही. आप्पांचा आवाज असा, की तिकडे मालगुंडला समुद्राची भरतीही क्षणभर थबकून ऐकत असावी. शाळेच्या कुंपणाला जांभ्या दगडाचा गडगा आणि त्याला लागूनच त्यांची आंब्याची बाग. वय बहात्तर आणि कमरेला कोयता.

सक्तीचं शिक्षण म्हटलं की आप्पांच्या अंगावर सुरवंट पडे. "ज्याला शिकायचं तो शिकेल! कुठचा आंबा हजेरी घेऊन पिकवलात?" एकदा मी कायदा समजवायला गेलो, तर त्यांनी दोन पानं चुरगाळून माझ्या नाकाशी धरली. "हापूस कुठचा, पायरी कुठची?" मी चुकलो. "नापास! उद्या आईला घेऊन या!" अख्खी शाळा, म्हणजे तेव्हाची अकरा पोरं, गडग्यावर चढून टाळ्या पिटत होती. पुढे महिनाभर पोरं पाढे म्हणायच्या आधी मला पानांचा वास घ्यायला लावत.

मधल्या सुट्टीत हीच पोरं त्यांच्या बागेत. रोपाचा शेंडा छाटायचा, तेवढ्याच जाडीची काडी खोचायची, पट्टी गुंडाळायची. तिसरीतल्या सायलीला नऊचा पाढा येत नव्हता, पण तिनं बांधलेलं कलम खडकावर ठेवलं असतं तरी धरलं असतं. घंटा झाली की आप्पा गरजत, "जावा, तुरुंग उघडला!" आणि कुणी रेंगाळलं, तर स्वतःच हाताला धरून गडग्यापर्यंत आणून सोडत.

एवढा राग कशाचा, ते त्यांनी एकदाच सांगितलं, कोयत्याला धार लावता लावता.

"आमचा विनू ह्याच शाळेत पहिला आला. मीच गावभर पेढे वाटले. मग रत्नागिरीला शिकला, मग मुंबई, आता मस्कत. जरा ढ निघाला असता, तर इथंच असता."

आणि मोठ्यानं हसले. हसताना धार लावायची मात्र थांबली.

पोरं कमी होत गेली. अकराची सात झाली, सातांची तीन. कुणाच्या बापानं मुंबईत खोली घेतली, कुणी चिपळूणला गेलं. मे महिन्यात सायलीही आईबरोबर गेली. जूनमध्ये पटावर एकही नाव उरलं नाही आणि शाळा बंद करायला केंद्रप्रमुख आले. मी वस्तू सांगत होतो, ते यादीवर खुणा करत होते.

तेवढ्यात आप्पा आले. धुतलेला सदरा, कमरेला कोयता नाही, तोंडात आरोळी नाही. मला वाटलं, आज यांचा विजयाचा दिवस. आता नारळ फोडतात. ते गुपचूप पहिल्या बाकावर बसले. गुडघे आत मावेनात.

"साहेब," ते म्हणाले, "एक तरी नाव लागतं ना पटावर? माझं घाला. रोज येईन, वेळेवर येईन. करा माझ्यावर सक्ती."

मी केंद्रप्रमुखांकडे बघितलं. त्यांनी यादीवरून मान वर केली नाही.

"सक्ती चौदा वर्षांपर्यंतच आहे, आजोबा," ते म्हणाले. "जरा उठता का? ते बाक मोजायचं राहिलंय."