तोंडवाली फळं

माझे मोठे भाऊ तेरवीलाही लोकर आणि क्रोशाची सुई घेऊन जातात. मागे अड्याळला आमच्या एका नातेवाइकाची तेरवी होती. मंडपात लोक माना खाली घालून बसले होते. भाऊंच्या मांडीवर मुठीएवढं लोकरीचं कवठ होतं. त्याचे डोळे लावून झाले होते, तोंड राहिलं होतं. भाऊंनी शेजारी बसलेल्या, गेलेल्या माणसाच्या साळ्याला हळूच विचारलं, "हासरं ठेवू का साधं?"

साळा जरा वेळ त्या कवठाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "साधंच ठेवा जी. दिवस बरा नाही."

मी दोन माणसं सोडून बसलो होतो. मी मान आणखी खाली घातली. लोकांना वाटलं, मला फार दुःख झालं आहे.

भाऊंचं नाव केशव. नोकरीची सगळी वर्षं जवाहरनगरच्या फॅक्टरीत गेली. वहिनी वारल्यावर आणि भाऊ रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून ते भंडाऱ्याला आमच्याकडे राहायला आले. मूलबाळ नाही. व्यसन नाही. पहिले काही महिने ते नुसते पेपर वाचत. मग कधीतरी मोबाइलवर त्यांना एक परदेशी बाई सापडली. बाई म्हणजे व्हिडिओत दिसणारे तिचे फक्त हात. त्या हातांनी लोकरीची स्ट्रॉबेरी विणली, तिच्यात कापूस भरला, तिला डोळे लावले आणि तोंड काढलं. बाई काय बोलते ते भाऊंना अजूनही कळत नाही. हात मात्र कळले.

पण स्ट्रॉबेरी त्यांनी एकदाही केली नाही. "जे फळ आपून झाडावर पाह्यलं नाही, त्याचा सभाव कसा समजन?" असं त्यांचं म्हणणं. ते करतात कवठ, सीताफळ, जांभूळ, तेंदूच्या झाडाचं टेंभरू आणि तलावातला शिंगाडा. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. जांभूळ लाजाळू, कवठ हट्टी. शिंगाड्याला दोन्हीकडून शिंगं आणि मधे इतका गरीब चेहरा, की पोलिसांनी उगीच पकडून नेलेला माणूस वाटावा. फळ पूर्ण झालं की ते जवळ असेल त्याच्यापुढे धरतात आणि म्हणतात, "तोंड पाह्य न त्याचं!"

जवळ असेल तो म्हणजे कोणीही. एसटीत कंडक्टर तिकिटाला आला तर, "थांबा जी, डोळा बसवून राह्यलो," म्हणून त्यालाच लोकरीचा गुंडा धरायला देतात. दवाखान्यात डॉक्टरच्या टेबलावर त्यांनी एक टेंभरू ठेवून दिलं, "पेशंटले बरं वाटते," म्हणून. एकदा एक लिंबू माझ्यापुढे धरलं. भुवया आखडलेल्या, ओठ घट्ट मिटलेले.

"हे तुह्यं तोंड होय," भाऊ म्हणाले. "मार्च महिन्यातलं."

मी हिशेब विभागात काम करतो. मार्चमध्ये माझा चेहरा कसा होतो ते मला माहीत नव्हतं. आता सगळ्या ऑफिसला माहीत आहे, कारण भाऊ एके दिवशी माझा विसरलेला डबा द्यायला आले, ते खिशात लिंबू घेऊनच. तेव्हापासून कामाचा ताण वाढला की शेजारच्या टेबलावरून आवाज येतो, "साहेब, लिंबू झालं!"

सांगायला संकोच वाटतो, पण खरं ते सांगतो. मला भाऊंची लाज वाटत होती. बायको समजवायची, "अवो, पेतात का? जुवा खेळतात का? विणतात तं विणू द्या न." ते पटायचं. तरी साठी उलटलेला, मिशीवाला माणूस चौकातल्या पानठेल्यापुढे बसून सीताफळाला गाल विणतो आहे, आणि येणारा-जाणारा थांबून हसतो आहे, हे दिसलं की मी स्कूटर दुसऱ्या गल्लीत वळवायचो.

अशात आमच्या मुलीचं, पल्लवीचं, लग्न जुळलं. मुलाकडचे नागपूरचे, चांगले लोक. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्याच घरी करायचं ठरलं. आदल्या दिवशी मी भाऊंच्या खोलीत गेलो.

"भाऊ, उद्या पाहुण्यांसमोर तेवढी सुई नको."

"नाही काढत बाप्पा. कायले काढन?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

त्यांनी शब्द पाळला. दिवसभर सुईला हात लावला नाही. रिकामी बोटं मांडीवर आपोआप हलत होती, तेवढंच.

चूक झाली ती फळांच्या ताटात. साडी-नारळ मुलाकडच्यांनी आणायचं आणि ओटीची फळं आमच्याकडून, असं ठरलं होतं. फळं पाच तऱ्हेची लागतात. बायकोने सकाळीच भाऊंना बाजारात पाठवलं होतं. चार फळं चांगली मिळाली, पाचवं प्रत्येक गाड्यावर डागी निघालं. पोरीच्या ओटीत डागी फळ घालायचं नाही, आणि पाचाची चारही करायची नाहीत. भाऊंनी यातून त्यांचा मार्ग काढला.

मुलाच्या आईने पल्लवीची ओटी भरायला घेतली. केळी, सफरचंद, संत्रं, डाळिंब. मग त्यांच्या हातात सीताफळ आलं. हात तिथेच थांबला. सीताफळ हसत होतं. त्याला पापण्या होत्या.

"हे काय होय जी?" मुलाचे काका पुढे वाकले. "अरे, लोकरीचं आहे हे! न डोळेबी आहेत!"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कोणी. पल्लवीने खाली पाहिलं. माझे कान तापले. लोक आता माझ्याकडे बघत होते.

दारातून आवाज आला, "बाजूच्या बाईनं देल्लं होतं जी ते. चुकीनं ताटात आलं. माफ करा."

भाऊ होते. जो माणूस एसटीतल्या अनोळखी लोकांना टेंभराचा वंश समजावून सांगतो, त्याने माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि आपलं फळ नाकारलं. ओटी पुढे सुरू झाली. मुलाच्या आईने सीताफळ परत केलं नाही, पर्समध्ये ठेवलं.

पुढच्या आठवड्यात विहीणबाईंचा फोन आला. लग्नात लहान मुलांना वाटायला अशी फळं हवी होती. "त्या बाजूच्या बाईंना विचारा न."

मला खोटं पुढे नेता येईना. मी फोन घेऊन भाऊंच्या खोलीत गेलो. त्यांचे दोन्ही हात विणण्यात गुंतलेले, म्हणून स्पीकर लावून फोन खाटेवर ठेवला.

"हो जी, देते ते बाई करून," भाऊ म्हणाले. "पैशागिशाचं काही नाही. हौशी आहे."

"कशी आहे हो ती? म्हातारी आहे?"

"तसंच समजा."

"एकटी राहते का?"

"नाही जी. भरल्या घरात रायते. लय चांगली मानसं आहेत. पन सबन आपापल्या कामात." त्यांनी एक टाका उचलला. "दिवसभर कोनी तिच्या तोंडाकडे पाह्यत नाही. मंग ते फळाले तोंड लावते. तेवढंच कोनी पाह्यते."

"अरे देवा! लग्नाला घेऊन या त्यांना."

"नाही येत जी ते." भाऊंची नजर विणीवरून हलली नाही. "घरच्याइले शरम वाटते तिची."

ते टोमणा मारत नव्हते. मी तिथे उभा आहे, हे बहुतेक विसरलेच होते. विहीणबाईंशी त्या बाईबद्दल बोलत होते, बस.

मी फोन उचलला. स्पीकर बंद केला.

"विहीणबाई," मी म्हणालो, "बाजूला कोणी बाई नाही. ती फळं माझे मोठे भाऊ करतात. आत्ता तुमच्याशी बोलले तेच. लग्नात ते माझ्याजवळ बसतील."

पलीकडे त्या हसल्या. त्यांनी घरातल्यांना हाका मारून सांगितलं असावं, कारण मागे आणखी हसण्याचा गलका झाला आणि त्यात फोन कटला.

भाऊंनी विणणं थांबवलं होतं. त्यांनी वर पाहिलं नाही.

"हासल्या का?"

"हो."

"वाईट हासल्या का चांगल्या?"

फोनवरून ते मला नक्की कळलं नव्हतं. आणि नक्की न कळलेली गोष्ट मी सहसा सांगत नाही.

"चांगल्या," मी म्हणालो, आणि खाटेवर त्यांच्यासमोर बसलो.