भूत काढा, संगीत ऐका

डॉक्टर खांबेटे काका तिकीट काढून सिनेमाला जायचे आणि डोळे मिटून बसायचे. तेही भुताच्या सिनेमाला. झोपायचे मात्र नाहीत. बोटं गुडघ्यावर सारखी हलत असायची. एकदा शेजारच्या बाईंनी त्यांना हलवून "आर यू ओके, सर?" असं विचारलं, तर डोळे न उघडता म्हणाले, "शू! व्हायोला वाजतंय!"

काका अमेरिकेतल्या शॉमबर्गमधले निवृत्त भूलतज्ज्ञ. "तीस वर्षं लोकांना झोपवलं, आता मीच झोपलोय असा संशय घेतात," म्हणायचे. त्यांना एकच वेड होतं, विसाव्या शतकातलं पाश्चात्त्य अभिजात संगीत. म्हणजे ज्यात चाल सापडत नाही ते. चाळीस व्हायोलिनं एकमेकांना चिकटलेले चाळीस सूर एकदम लावतात आणि कोणीच माघार घेत नाही.

२००४ साली मी पुण्याहून तिथे नोकरीला गेले. काकू आईच्या ओळखीच्या, त्यामुळे पहिल्याच रविवारी जेवायला बोलावणं आलं आणि वरणभाताबरोबर हे संगीतही वाढलं गेलं. मी काही बोलले नाही. मी एरवीही फारशी बोलत नाही, पण काकांना ते रसिकतेचं लक्षण वाटलं.

"घाबरू नकोस गं," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे दाराला तेल घालत नाहीत."

"ऐका मॅडम," काका मला म्हणाले. काकू सोडल्या तर ते सगळ्या जगाला अहो-जाहो करत, अगदी पाळण्यातल्या बाळालासुद्धा. हॉस्पिटलची सवय. "हेच हॉलमध्ये वाजवलं तर मध्यंतरात पार्किंग लॉट रिकामा! पुढे एक भूत उभं करा, तीच माणसं पॉपकॉर्न खात दोन तास ऐकतात. सिनेमावाल्यांनी सगळं इथनंच उचललंय. तुम्ही फक्त भूत काढा, संगीत ऐका."

"आणि काढलेलं भूत ठेवायचं कुठे?" काकूंनी विचारलं. "बेसमेंट तर तुमच्या सीड्यांनी भरलंय."

त्या वर्षी गणपतीत त्यांच्या घरी पन्नासेक माणसं जेवायला होती. काकांनी संधी साधून सीडी लावली. पाचव्या मिनिटाला कोणीतरी ओरडलं, "फोडणी करपली! स्मोक डिटेक्टर!" एका उंच सॉफ्टवेअरवाल्याने स्टुलावर चढून डिटेक्टर उघडला. "यार, बॅटरी काढली तरी वाजतंय!" तेव्हा मात्र सगळे मोदकाच्या प्लेटा घेऊन ड्राइव्हवेवर पळाले. माझी चप्पल सापडत नव्हती म्हणून मी मागे राहिले. आत सोफ्यावर काका एकटेच बसले होते. मला म्हणाले, "अलार्म नाही हो. रचनेची दुसरी मूव्हमेंट आहे."

काकूंना ते संगीत घरात दोन मिनिटं सहन व्हायचं नाही. भुताचे सिनेमे मात्र जीव की प्राण. फक्त ते बघवायचे नाहीत. व्हायोलिनं सुरू झाली की त्यांची ओढणी डोळ्यांवर जायची आणि दुसरा हात काकांच्या मनगटावर. पुढचा सिनेमा काका नुसता ऐकून सांगायचे; डबल बासचा खर्ज घुमतोय तोवर भूत पडद्यावर. "अजून नको, डबल बास आहेत... थांब... हां, उघड गं. गेलं ते." काकू म्हणायच्या, "एकदाही चुकले नाहीत हो. मी डोळे उघडावे आणि भूत गायब!"

पुढच्या फेब्रुवारीत काकू गेल्या.

नंतर मी रविवारी गेले की घर गप्प असायचं. सीडी प्लेयरवर काकूंनी विणलेला रुमाल तसाच होता. फ्रिजवर पेपरातून कापलेली एका सिनेमाची जाहिरात, मग तिच्यावर दुसरी, मग तिसरी.

"गेला नाहीत?" मी विचारलं.

"एकट्याने काय जायचं? डोळे मिटून बसायला घर आहे की."

मला भुतांची भयंकर भीती वाटते. तरी मी एक वाक्य तयार केलं, कागदावर लिहून काढलं आणि तीन दिवसांनी फोन केला.

"काका, तुम्ही सिनेमाला येणार का?"

"कुठल्या?"

"भुताच्या."

"मॅडम, तुम्ही घाबरट आहात, असं ही म्हणायची."

"हो."

"मग ठीक आहे."

शनिवारी दुपारी थिएटरात जेमतेम आठ माणसं होती. काकांनी डोळे मिटले. व्हायोलिनं सुरू झाली तसे मीही मिटले. भूत दिसत नव्हतं, तेव्हा पहिल्यांदाच नीट ऐकू आलं. एकेक करून सगळे सूर सोडून चालले होते आणि एकच तेवढा धरून थांबला होता.

मी कोणाचा हात धरणाऱ्यातली नाही. पण काकांच्या स्वेटरची बाही माझ्या मुठीत होती.

"अजून नको," काका पुटपुटले. "डबल बास आहेत."

मी थांबले.

"हां. उघड गं. गेलं ते."

मी डोळे उघडले. काका पहिल्यांदाच चुकले होते. भूत पडदाभर उभं होतं, थेट माझ्याकडे बघत. मी काकांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते, बोटं थांबलेली होती आणि मान उत्तरासाठी किंचित माझ्याकडे कललेली होती.

"हो," मी म्हटलं. "गेलं."