फळीसकट अँबॅसिडर

स्वस्तात जुनी क्लासिक गाडी घेताना काय काय बघावं, हे मला जितकं कळतं तितकं अख्ख्या बेळगावात कुणाला कळत नाही. ही बढाई नव्हे, माहिती आहे! निवृत्त झाल्यावर लोक आपापल्या गुडघ्यांचा अभ्यास करतात, मी गाड्यांचा केला. गंज कुठून धरतो, लांबीची पुट्टी भरून तो कसा झाकतात, कागदपत्रं कशी तपासायची, सगळं पाठ! कॅम्पातल्या शामूच्या गॅरेजात ती दुधी रंगाची अँबॅसिडर बघायला गेलो, तेव्हा माझ्या खिशात लोहचुंबक होतं.

"ह्ये कशाला, सर?" शामूनं विचारलं.

"पत्रा खरा की नुसती लांबी, ते कळतं." मी दाराला चुंबक लावलं. चिकटलं! बॉनेटला लावलं. चिकटलं! मग मी डॉक्टरसारखा मागं हात बांधून उभा राहिलो. "गाडी किती हातांतून गेलीय?"

"एकच मालक, सर! पोटच्या पोरागत सांभाळलीया. रोज चालायची. एक दिवस उभी न्हाय."

"मागची गादी खाली गेलीय."

"बसणारी माणसं जरा दणकट हुती."

"वर कॅरिअर?"

"सामान लई असायचं."

डिकीत एक लांब, जाड फळी होती. "आणि ही?"

शामूनं फळीवरची धूळ फडक्यानं पुसली. मग म्हणाला, "ती गाडीबरूबरच येती, सर."

मूळ फळी! मंडळी, जुन्या गाडीत मूळ वस्तू शाबूत असणं म्हणजे काय, हे जाणकारालाच कळतं. मी ती घरी नेऊन तिला पॉलिश केलं. इतकं, की तिच्यात बघून दाढी करावी!

आता गाडी का घेतली ते सांगतो. मी जन्मभर साप्ताहिकातून लोकांच्या बंगल्यांची आणि मोटारींची टर उडवली. स्वतःची मोटार घ्यायला सवड आणि पगार, दोन्ही पुरले नाहीत. आमच्या सौ. आक्काताई. माहेर निपाणीच्या पलीकडं, बोरगावला. तिथं तिचा भाऊ मारुतीराव आणि भावजय गुणाबाई. आम्ही गेलो की गुणाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी आणि तिचं ठरलेलं वाक्य, "वन्सं, बसनंच आलाय न्हवं? दमला असशीला!"

ते पाणी आक्काताईला आजवर कधी गोड लागलं नाही.

यंदा मारुतीरावांनी नवं घर बांधलं. वास्तुशांतीचं आमंत्रण आलं आणि मी छाती फुगवून म्हणालो, "आक्काताई, या खेपेला तुला थेट त्यांच्या दारात उतरवतो. स्वतःच्या गाडीतून!" दुसऱ्याच दिवशी तिचं ठेवणीतलं इरकल लुगडं इस्त्रीला गेलं.

निघताना मी हॉर्न दाबला. पोंऽऽ पप्पों, पोंऽऽ!

"अहो, हा भोंगा मी कुठंतरी ऐकलाय," मागच्या सीटवरून आक्काताई म्हणाली. तिला मी मुद्दामच मागं बसवलं होतं, महाराणीसारखं.

"जुन्या गाड्यांचे आवाज सारखेच असतात," मी तज्ज्ञाच्या सुरात सांगितलं.

हायवेला सगळ्या गाड्या आम्हाला ओलांडून गेल्या. जाऊ देत! हत्ती कुठं शर्यत लावतो? तवंदी घाट उतरलो, निपाणी ओलांडली, बोरगावच्या रस्त्याला लागलो आणि चमत्कार सुरू झाला. माणसं वळून बघायला लागली! मी अभिमानानं हॉर्न दिला. पोंऽऽ पप्पों, पोंऽऽ! फाट्यावरच्या झाडाखाली बसलेले लोक चक्क उठून उभे राहिले. एक म्हातारी पदर खोचून धावत सुटली!

"बघ, आक्काताई, बघ! खरी पारख खेड्यातच असते!" म्हटलं, जरा दर्शन देऊ. गाडी थांबवली.

मागचं दार उघडलं. म्हातारी, तिची पाटी आणि पाटीतली कोंबडी आत आली.

"वाईच सरका की, बाई."

"आजी, ही खाजगी गाडी आहे," मी सांगितलं.

"व्हय, व्हय! पोलीस दिसला की भीमसेनअण्णा बी असंच म्हनायचा!"

"कोण भीमसेनअण्णा?"

"आता गं बया! ह्या गाडीचा मालक! जलमभर निपाणी-बोरगाव वडाप केलं की त्येनं. तुमी नवा डायवर व्हय?"

वडाप! मंडळी, भाड्यानं माणसं नेणारी खाजगी गाडी पूर्ण भरल्यावर तिच्यात आणखी चौघांना बसवतात, त्याला आमच्याकडं वडाप म्हणतात. गाडी किती हातांतून गेली, हे मी विचारलं होतं. किती बुडांखालून गेली, हे विचारायचं राहूनच गेलं!

आरशात आक्काताईचा चेहरा दिसला. डोळे भरून आले होते. "बसनं आले असते," ती हळूच म्हणाली, "तर निदान बसनं आले असते."

एव्हाना दोन्ही दारांतून माणसं आत शिरत होती. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "अहो, मी भाडं घेत नाही!"

हीच माझी चूक.

"ज्योतिबा, पळ रं! फुकट हाय!" झाडाखालून कुणीतरी हाळी दिली.

मग काय! पुढच्या सीटवर माझ्या शेजारी तिघं. गिअर टाकायला मी हात हलवला की तिघं एकदम "आई गं!" म्हणायचे. कुणीतरी विचारलं, "फळी कुठाय?" दुसऱ्यानं सरावाच्या हातानं डिकी उघडली, माझी आरशासारखी फळी काढली आणि दोन सीटांच्या मधे आडवी ठोकून बसवली. तिच्यावर चौघी बसल्या.

"साकू, साकू! आता बास!" मागून कुणीतरी कानडीत जागा संपल्याचं जाहीर केलं. त्यानंतर आणखी दोघं चढले.

पहिल्याच वळणावर फळीवरच्या चौघी सर्रकन घसरून आक्काताईच्या मांडीवर गोळा झाल्या. इरकलाची घडी तिथंच मोडली.

"ह्यो कुठला डायवर म्हनायचा?" म्हातारी करवादली.

"डायवर नव्हं," आक्काताई गुदमरत म्हणाली. "मालक. माझे मालक."

म्हातारीनं कोंबडीची पाटी स्वतःकडं ओढली. "म्हंजे तू मालकीण?" म्हातारीनं विचारलं. "आगं, मग सांगायचं न्हाय व्हय!"

बोरगावच्या तोंडाशी गर्दीत माझा पाय क्लचवरून निसटला आणि गाडी बंद पडली. चावी फिरवली. नुसती टकटक! मी काही बोलायच्या आत सगळे उतरले आणि मागं जाऊन उभे राहिले. कुणाचा हात कुठं, कुणाचा खांदा कुठं, जागा पूर्वीपासून ठरलेल्या! आक्काताईही उतरायला लागली, तशी म्हातारीनं तिला आत ढकललं. "तू बस गं. मालकीण कवा उतरती व्हय?"

अशी आमची गाडी वास्तुशांतीच्या मांडवासमोर आली. मागं ढकलणाऱ्यांचा "हैश्या!" आणि आत एकटी आक्काताई.

दारात तांब्या. तांब्यामागं गुणाबाई. तिनं गाडी बघितली, माणसं बघितली, कोंबडी बघितली. "वन्सं," ती गोड आवाजात म्हणाली, "वडापनं आलाय व्हय?"

मला वाटलं, चाकाखाली जाऊन झोपावं.

दोघाजणांनी दार उघडून धरलं. आक्काताईनं इरकल सारखं केलं आणि सावकाश खाली उतरली. "व्हय, वैनी. पर ह्या बारीला वडाप आमचंच हाय!"

तेवढ्यात मारुतीराव धावत आले. "दाजी! भीमसेनअण्णाची गाडी तुम्ही घेतलासा? आरं तिच्या! आमची गुणा नवरी हून ह्याच गाडीतनं आलती की! फळीवर बसून!"

आक्काताई टाळी देऊन हसली. "तरीच म्हटलं, भोंगा कुठं ऐकलाय!"

गुणाबाईच्या तांब्यातलं पाणी तिच्याच पायावर सांडलं. आक्काताईनं उरलेलं घेतलं आणि घटाघटा प्यायली. चेहऱ्यावरून गोड लागलेलं दिसलं.

ढकलणारे सगळे पंगतीला बसले. संध्याकाळी बॅटरी जागी झाली. येतानाची म्हातारी आधीच मागं बसली होती. आम्ही निघालो, तर गुणाबाईच आईला आणि मावशीला घेऊन पुढं आली. "वन्सं, ह्यांना निपाणीपतूर... बस चुकलीया."

महाराणीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "या की! अहो, हॉर्न द्या. आजी, वाईच सरका. वैनी, तुमी बी या बसस्टँडपतूर, फळीवर जागा हाय!"

तेव्हापासून दर महिन्याला आम्ही बोरगावला जातो. माहेरची ओढ म्हणे! फाट्याफाट्यावर आक्काताई स्वतः पुढं वाकून हॉर्न दाबते.

तर मंडळी, स्वस्तात जुनी गाडी घेताना गंज बघा, कागदपत्रं बघा, हवं तर माझं लोहचुंबक घेऊन जा. आणि डिकीत फळी निघालीच, तर एवढंच ऐका. तिला पॉलिश करू नका. वळणावर पाहुणे घसरतात.