खडूच्या पोटावरचा पंजा

"कानाचं माझ्यावर सोडा. आठ दिवसांत बरा नाही केला, तर खुशाल पाठवा त्याला वन्संच्या गोदामावर राखणीला," असं सून सासूबाईंना म्हणाली आणि तिथेच फसली.

बावीस वर्षं ती औषधांच्या प्रयोगशाळेत काम करत होती; थेंब मोजणं हा तिच्या हातचा मळ. खडू म्हणजे त्यांचा पांढराशुभ्र कुत्रा. त्याचा एक कान वाहत होता आणि त्या वासापायी सासूबाईंनी हॉलमध्ये बसणं सोडलं होतं. डॉक्टरांनी थेंब दिले. सकाळी साडेसात, संध्याकाळी साडेसात, दरवेळी पाच. थेंब घातल्यावर ती कानाचं मूळ बोटांनी चोळायची आणि शहाण्यासारखा बसला म्हणून त्याचे लाड करायची.

तिसऱ्या दिवशी कान आतून लाल झाला. 'औषध लागू पडत आहे,' असं तिने वहीत लिहिलं आणि पाचाचे सात थेंब केले.

चौथ्या दिवसापासून घरात भलतंच सुरू झालं. सात वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली की खडू उठायचा. रिकाम्या दाराकडे एकटक बघायचा, अंगावरचे केस फुलवून गुरगुरायचा आणि थरथरत पलंगाखाली शिरायचा. दारात कोणीही नसायचं. सून बाटली घेऊन येईपर्यंत खोलीत चिटपाखरू नसल्यासारखी शांतता, आणि पलंगाखाली चकाकणारे दोन डोळे.

"त्याला काहीतरी दिसतं," सासूबाई आवाज खाली आणून म्हणाल्या.

"कुत्र्यांना दिसतं कमी, आई. ऐकू जास्त येतं."

"मग काय ऐकू येतं त्याला?"

सुनेने वहीत फक्त वेळ लिहिली: सात अठ्ठावीस.

सहाव्या दिवशी सकाळी खडू उताणा पडला होता. पोटाच्या उघड्या, गुलाबी कातडीवर लालभडक, फुगलेला पंजा उमटला होता. माणसाचा. पाचही बोटं मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट. नवऱ्याने हातातला चहाचा कप टेबलावर ठेवला, पण टेबल तिथे नव्हतं.

"यात कुणाचा तरी हात आहे," सासूबाई म्हणाल्या. "आजच्या आज पाठवा याला माझ्या लेकीकडे. जे काय आलंय ते त्याच्या मागोमाग जाईल."

"आणि ते ताईच्या मागे लागलं तर?" नवऱ्याने विचारलं.

"लागू दे. ती बघून घेईल त्याला."

सुनेच्या अंगावर काटा आला होता. पण खडूला पाठवायची तिची तयारी नव्हती. तिने संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली आणि आलेखाचा कागद काढला. पोटावरचा पंजा मोजला. मधलं बोट सहा पूर्णांक आठ सेंटीमीटर. मग सासूबाईंचा हात कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवला, नवऱ्याचा गिरवला. एकही जुळेना. ती खडूला आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे धावली.

डॉक्टरांनी कान बघितला, पोट बघितलं आणि मग कागद बघितला.

"दोन हात गिरवलेत. घरात माणसं किती?"

"तीन."

"तिसरं कोण?"

"मी. पण मी तर मोजणारी."

डॉक्टरांनी तिचा हात धरून खडूच्या पोटावर ठेवला. कुलपात किल्ली बसावी तसा तो बसला. खडू गुरगुरला, रोज बाटली घेऊन येणाऱ्या तिच्या पावलांची चाहूल लागल्यावर गुरगुरायचा तसाच.

"या औषधाची ॲलर्जी आहे त्याला. एखाद्या कुत्र्याला होते. कान लाल झाला तेव्हाच थेंब थांबवून मला फोन करायचा. चोळल्यावर हात धुता ना?"

"धुते की. पोट थोपटून लाड झाल्यावर."

औषध बदललं. घरी आल्यावर सुनेने सगळी हकिकत सांगितली. सासूबाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली.

"म्हटलं होतं ना, कुणाचा तरी हात आहे. म्हणजे खडूची काही चूक नाही. तो राहील इथेच."

सुनेने सुटकेचा श्वास सोडला.

"पण लेकीला मी शब्द देऊन बसलेय," सासूबाई तिला न्याहाळत म्हणाल्या, "गोदामावर कोणालातरी पाठवते म्हणून."